पंचवीस चौकोन

जगात कुठलीही वस्तू अर्धवट तयार असताना बाजारात आली, की ती हौसेनं घेणारा आणि तिच्या खोडी कौतुकानं सोसणारा एक माणूस लागतो. नाशिक शहरापुरती ही जबाबदारी आमच्या हिच्या धाकट्या मामांनी आपणहून उचलली होती. मामांनी ओझरच्या विमान कारखान्यात तीस वर्षं काटे दुरुस्त केले. उंचीचे, वेगाचे, दिशेचे, जे म्हणाल ते. निवृत्त होऊन ते इंदिरानगरात राहायला आले आणि काट्यांवाचून हाताला चैन पडेना. नेमक्या त्याच सुमाराला अँड्रॉइड नावाचं काहीतरी निघालं. आम्हा बाकीच्यांना ते सर्दीच्या गोळीचं नाव वाटलं होतं. मामा मात्र असला एक फोन घेऊनही आले. साबणाच्या वडीएवढा जाड, बोटानं ढकलायचा पडदा, आणि खाली हनुवटीवर वाटाण्याएवढा फिरता गोळा. त्या गोळ्यात कचरा अडकला की मामा डोळ्याला भिंग लावून तो चिमट्यानं काढत, आणि तेवढा वेळ घरात पंखा बंद असे.

फोन सुरू करताना त्यावर अटी आणि शर्ती येतात. तुम्हीआम्ही त्या मान्य करून मोकळे होतो. मामांनी दुकानातच स्टूल मागून घेतलं आणि शब्दकोश मांडीवर ठेवून त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. वाचल्याशिवाय सही करायची नाही, हा कारखान्यातला नियम. बाराव्या कलमाबद्दल त्यांनी दुकानदाराला काही शंका विचारल्या, तेव्हा त्यानं अर्धं शटर ओढून घेतलं म्हणतात. पुढे कुणाच्याही लग्नामुंजीत मामा शेजारी बसले, की जिलबी वाढून होईपर्यंत अँड्रॉइडचा पूर्वेतिहास ऐकावा लागे. हे मुळात फोनसाठी नव्हतंच, कॅमेऱ्यासाठी काढलं होतं, इथपासून सुरुवात. मग त्याच्या आवृत्त्या. त्यांना गोड पदार्थांची नावं असत, आणि मामांना मधुमेह. कपकेक, डोनट, एक्लेअर, फ्रोयो ही नावं ते अशा काही चवीनं घेत, की मामी म्हणायच्या, याच्यानंच यांची साखर वाढते. एकदा डॉक्टरांनी तपासताना हल्ली गोड काय चालू आहे असं विचारलं, तर मामा म्हणाले, "सध्या फ्रोयो. जिंजरब्रेड अजून आपल्याकडे पोचलेलं नाही."

त्या फोनची बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली तर तो सणाचा दिवस. त्यामुळे मामा कुणाकडेही गेले की पाण्याआधी प्लग मागत. आमच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ वारले, तेव्हा मामा भेटायला गेले आणि बोलता बोलता सवयीनं जवळचा प्लग उपसून त्यांनी तिथे आपला चार्जर खोचला. तो प्लग गेलेल्या गृहस्थांच्या तसबिरीपुढच्या दिव्याचा होता. सगळे अवघडले. त्या गृहस्थांच्या पत्नी तेवढ्या शांतपणे म्हणाल्या, "असू द्या. नाहीतरी यांना उजेडात झोप लागत नसे."

एवढ्या कौतुकाच्या या फोनला एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे मराठी. कुणी मराठीत मेसेज पाठवला की अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटत, खिडक्यांना गज बसवायचे राहून गेल्यासारखे. मामांना त्याचं फारसं वाटत नसे. पुढच्या अपडेटमध्ये येईल, म्हणायचे. एका दुपारी मात्र त्यांचा मला फोन आला आणि ते एवढंच म्हणाले की, जावईबापू, जरा येऊन जा.

मी गेलो तर मामा फोन समोर ठेवून हात मांडीवर घेऊन बसले होते. पडद्यावर चौकोनांची दीड ओळ होती. आणि वर पाठवणाऱ्याचं नाव होतं, इंग्रजी अक्षरांत: दादा वणी.

इथे थोडं मागं जायला हवं. वणीचे दादा म्हणजे मामांचे थोरले भाऊ, आणि ते वणीला शेती करत. त्या दोघांचं भांडण आमच्याच लग्नात झालं. मुलीला मांडवात आणायचा आणि तिच्या पाठीशी उभं राहायचा मान थोरल्या मामाचा. मुहूर्त आला तरी थोरले वणीहून पोचले नव्हते. धाकट्यांच्या मनगटावरचं घड्याळ सेकंदानंही चुकत नसे. त्यांनी दोनदा ते पाहिलं, आणि मुहूर्त टळायला नको म्हणून स्वतःच भाचीला घेऊन मांडवात उभे राहिले. शेवटच्या अक्षता पडल्या आणि दारात थोरले, नवं धोतर, हातात नारळ. त्यांनी नारळ खुर्चीवर ठेवला आणि न जेवता माघारी गेले. त्यानंतर अकरा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला देवळात जायचो, तेव्हा ही हळूच दोन्ही मामांच्या नावानं हात जोडायची.

आणि आता हे पंचवीस चौकोन. हो, पंचवीस, मामांनी मोजले होते. शब्द सहा. पहिला चार चौकोनांचा, दुसरा सहाचा, मग चार, पाच, चार आणि शेवटचा फक्त दोन. माझ्या साध्या बटणांच्या फोनवर मराठी टाइप होत असे. मामांनी माझ्याकडून स्वतःला 'मी' असा मेसेज पाठवून घेतला. दोन चौकोन आले. म्हणजे काना-मात्रा-वेलांटी वेगळा चौकोन घेते, असं त्यांनी वहीत टिपलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, मग त्यात एवढं काय, शेवटचा शब्द 'ये' असणार. मी 'ये' पाठवलं. दोन चौकोन. मामांचा चेहरा उजळला. थोड्या वेळानं त्यांनी मला 'जा' पाठवायला सांगितलं. तेही दोनच.

मी म्हटलं, मामा, हाच मेसेज माझ्या फोनवर पुढे पाठवा, आत्ता वाचता येईल. ते म्हणाले, दादानं मला लिहिलंय, तुम्हाला नाही. मी म्हटलं, मग माझा फोन हातात घ्या, मी बाहेर उभा राहतो. त्यावर ते म्हणाले की ज्या फोनवर आलाय त्याच फोनवर वाचणार. आईस्क्रीम सँडविच ही नवी आवृत्ती आली की मराठी नीट दिसेल असं त्यांनी वाचलं आहे. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली, की हा माणूस वाचायला घाबरतो आहे.

मग दर शनिवारी मामा कॉलेज रोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन आईस्क्रीम सँडविच आलं का विचारू लागले. नवीन माणसाला ते मिठाईचं गिऱ्हाईकच वाटायचं. इकडे वही भरत होती. चौकोनांत बसणारी वाक्यं ते रचून बघत. 'आपलं नातं' पहिल्या दोन शब्दांत बसेना, म्हणून एक दिवस ते जेवले नाहीत. चार महिने गेले. शेवटी काउंटरवरच्या मुलीनंच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की काका, या मॉडेलला पुढचं अपडेट येणारच नाही, तुम्ही वाट बघू नका.

तिथूनच त्यांनी मला फोन केला आणि वणीला जायला गाडी काढायला सांगितली. दिंडोरी मागे पडेपर्यंत ते नुसते रस्त्याकडे बघत होते. प्लगही मागितला नाही.

थोरले मामा घरामागच्या कांदाचाळीत कांदा निवडत बसले होते. आम्हाला पाहून त्यांनी हातातला कांदा उलटसुलट करून पाहिला, खराब नव्हता तरी बाजूला टाकला आणि म्हणाले, "लय दिवस लावले."

मामांनी फोन पुढे धरला. "वाचता नाही आलं, दादा. याला मराठी येत नाही. चौकोन दिसतात."

थोरल्यांनी तो फोन हातात घेऊन लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "वाचलं नाय, मग आलास कशाला?"

"शेवटचा शब्द 'ये' असेल असं वाटलं."

"'जा' हाय," थोरले म्हणाले.

मामांनी मान खाली घातली. मी गाडीच्या किल्ल्या चाचपल्या. थोरले सावकाश उठले, हात झटकले आणि पाठ असल्यासारखं म्हणाले, "आपलं घड्याळ मागं पडतंय, बघून जा. असं लिव्हलं होतं. सबंध दुपार गेली माझी ते टाइप करण्यात."

पडवीत त्यांच्या वडिलांचं लंबकाचं घड्याळ होतं. मामा स्टुलावर चढले. लंबकाखालची चकती सैल होऊन खाली सरकली होती. ती वर घेताना त्यांनी पाठ न वळवता विचारलं, कधीपासून मागं पडतंय. खाली स्टूल धरून उभ्या असलेल्या थोरल्यांनी पकड बदलली. मग म्हणाले, "रोजच थोडं पडतंय. भाचीच्या लग्नाच्या दिवशी बी मागंच असंल."

मामांनी काच पुसायला घेतली. ती काच त्यांनी इतकी पुसली, की शेवटी थोरल्या मामींना जेवायला चला म्हणून दोनदा सांगावं लागलं.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अँड्रॉइडनं गोड नावं टाकून दिली, आता नुसते आकडे असतात, आणि मामांना त्यात गोडी उरलेली नाही. अपडेट आलं की ते परवा करू म्हणतात. थोरल्यांकडे आता मोठ्या पडद्याचा फोन आहे आणि रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पण फोन म्हटला की तो कानाला लावायचा, एवढं त्यांचं पक्कं. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. त्यामुळे मामांना पडद्यावर अर्धा तास भावाचा फक्त कान दिसतो. मोठा, उन्हानं काळवंडलेला, पाळीवर पांढरी लव असलेला. मामा त्या कानाशी पावसापाण्याचं बोलतात, कांद्याचं बोलतात, आणि कान मधूनमधून हुंकार देतो.

परवा मी तिथेच बसलो होतो. फोन दुसऱ्या बाजूनं कसा धरायचा ते मी थोरल्यांना पुन्हा एकदा सांगू का, असं मी खुणेनं विचारलं. मामांनी हातानंच नको म्हटलं. मग फोन तळव्यानं झाकून हळूच म्हणाले, "राहू द्या. आमच्या वडिलांचा कान अगदी अस्साच होता."