टर्की घेऊन दादा आला तेव्हा

माझे साहेब अमेरिकेतल्या एका तळ्याकाठच्या गावचे. नोव्हेंबर आला की तिकडच्या थँक्सगिव्हिंगबद्दल बोलायला लागत. तळ्याकाठचं घर, गळणारी पानं, सगळ्या भावंडांचं एकत्र जेवण. त्या वर्षी त्यांना गावी जाता आलं नाही. मी अकाउंट्समध्ये त्यांच्या हाताखाली, आणि बढतीची आशा होतीच. इथे बहरीनमध्ये अमवाज बेटावर पाण्याला लागून असलेला एक व्हिला मी शुक्रवार-शनिवारसाठी घेतला आणि त्यांना सहकुटुंब बोलावलं.

त्या सणाला अख्खा भाजलेला टर्की पक्षी लागतो. ती टर्की आमच्या ओव्हनमध्ये मावेना, म्हणून जवळच्याच हिद्द गावात राहणाऱ्या वहिनीला फोन केला. ती घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते, तिचा ओव्हन मोठा. दादा तिथेच बंदराजवळच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. मला बहरीनला आणलं त्यानंच. पहिली दोन वर्षं मी त्यांच्या हॉलमध्ये झोपलो, वहिनीच्या हातचं जेवलो. तरी "तुम्हीही या" असं काही मी म्हटलं नाही. "ऑफिसची पार्टी आहे," एवढंच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. बायका-मुलं बाहेर पाण्यापाशी होती. दार साहेबांनीच उघडलं. समोर दादा, शिफ्टवरून तसाच आलेला, निळ्या शर्टावर ग्रीसचे डाग, हातात फॉइलनं झाकलेला गरम ट्रे.

"वा, जेवण आलं!" साहेब इंग्रजीत म्हणाले. "किचनमध्ये ठेवता का, प्लीज?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मी चार पावलांवर उभा होतो. हा माझा मोठा भाऊ, एवढंच म्हणायचं होतं. मी टेबलावरचे ग्लास सरळ करत राहिलो.

दादानं ट्रे ओट्यावर ठेवला. "एन्जॉय, सर," म्हणाला आणि वळला. तेवढ्यात माझी सात वर्षांची मुलगी धावत आत आली.

"काका! व्हेअर आर यू गोइंग?"

"ड्यूटी आहे गं," म्हणत त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेला.

"काका म्हणजे?" साहेबांनी तिला विचारलं.

"डॅडीज ब्रदर," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा उतरला. "घाईत होता," मी पुटपुटलो.

जेवताना त्यांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकानं कोणाचे ना कोणाचे आभार मानले. माझी पाळी आली तेव्हा मी बायको-मुलीचं नाव घेतलं. वहिनीनं टर्कीला आलं-लसूण चोळलं होतं, सगळे पुन्हा पुन्हा वाढून घेत होते.

दुसऱ्या दिवशी हिद्दला गेलो. "आतून शिजली होती ना रे?" वहिनीनं दारातच विचारलं. "मला धाकधूक होती."

"दादा, काल मी तुझी ओळख करून द्यायला हवी होती," मी म्हणालो. "साहेबांना तू डिलिव्हरीवाला वाटलास आणि मी गप्प बसलो."

"कपडे मळलेले होते ना," दादा खाली बघत म्हणाला. "बदलून यायला हवं होतं मी."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. त्यानं घरी काहीच सांगितलं नव्हतं. तिला हे आत्ता कळलं, माझ्या तोंडून.

ती चहा टाकायला आत गेली. नंतर कधी काही बोलून दाखवलं नाही. फक्त तेव्हापासून मला 'अरे' म्हणत नाही, 'अहो भावोजी' म्हणते.