लिडियाची रांगेतली जागा

"लिडियाबाई, रविवारी प्रभुभोजनाला तुम्ही जरा शेवटी या. तेवढीच मंडळीला मनःशांती," चर्चचे पाळक अमृतसाहेब दारातूनच म्हणाले. आत आले नाहीत. चहा? नको, आत्ताच झाला.

लिडियानं शिलाई मशीनचं चाक तळहातानं करकचून थांबवलं.

"माझं दुखणं लागत न्हाई कुनाला. डॉक्टरची चिठ्ठी दावू?"

"मला ठाऊक आहे हो. पण लोक..."

"लोक म्हंजी दानीएलमामा."

दानीएलमामा चर्चचे पंच. चर्चची किल्ली त्यांच्या कमरेला आणि दोन महिन्यांचा खोकला छातीत.

चार वर्षांपूर्वी लिडियाच्या तोंडात फोड उठले. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा गिळवेना. मग पाठीवर, छातीवर पाण्यानं टच्च भरलेले फोड; फुटले की कातडी सालीसारखी सुटायची. कोल्हार गावातल्या बायका शिवायला टाकलेली कापडं गुपचूप परत घेऊन गेल्या. कुणी उष्णता म्हटलं, कुणी पाप. नगरच्या डॉक्टर सुकन्यांनी फोडाचा तुकडा तपासला आणि नाव सांगितलं, पेम्फिगस. चादर अंगाला चिकटायची, म्हणून तिला केळीच्या पानांवर निजवलं.

"तुमच्या अंगातले राखणदारच तुमच्या कातडीवर उठलेत," डॉक्टर म्हणाल्या. "गोळ्यांनी त्यांना गुंगी द्यायची. पण मग खरा चोर आला तरी ते झोपलेलेच राहणार. खोकणाऱ्यापासून लांब राहा. कुणाचं उष्टं नको."

फोड गेले. गोळ्यांनी तोंड मात्र पुरीसारखं फुगलं. बायका म्हणाल्या, "अंग धरलंस की गं! चांगलं मानवलंय!" लिडियानं तेही गिळलं, गोळ्यांसारखंच.

आता हे.

"आई, राहू दे, घरीच प्रार्थना कर," शॅरन म्हणाली.

"का? चोरी केली म्या? आन् शेवटी म्हंजी काय, कळतंय का तुला? एकच प्याला, समद्यांनी त्यातनंच घोट घ्यायचा. चाळीस तोंडांचं उष्टं माझ्या पदरात! ह्यांना वाटतं, मी ह्यांना बाधंन. अगं, हीच मला बाधतील!"

रविवारी गाणं संपायच्या आत लिडिया उठली आणि वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून बसली. पहिली.

"लिडे, मागं हो," दानीएलमामा पुढच्या बाकावरून गुरकावले. "ठरलंय तसं..." आणि खोकल्याची उबळ आली.

"आदी खोकून घ्या मामा, मंग ठरवा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. लिडिया वळली. आवाज चढला तो तिनं आवरला नाही.

"माझ्या फोडानं तुमी कुनी मरनार न्हाई. तुमच्या खोकल्यानं मी मरंन! मंग शेवटी कुनी बसायचं? चार वर्सं गोळ्या खाऊन जीव धरलाय म्या. तो तुमच्या मनःशांतीसाठी न्हाई!"

पाळकसाहेबांनी भाकर दिली, प्याला पुढं केला. लिडियानं एक घोट घेतला आणि बाजूला उभी राहिली.

मग रांग आली. शॅरननं घोट घेतला. तिच्यामागं प्रत्येकानं भाकर घेतली, आणि प्याला समोर आला की ओठ मिटून मान खाली. दानीएलमामा तर हात मागं बांधूनच आले आणि गेले.

प्याला जवळजवळ भरलेलाच राहिला. आशीर्वाद दिलेला द्राक्षरस टाकायचा नसतो, बाटलीत परत ओतायचा नसतो. उरलेला पाळकानंच संपवायचा, तिथंच, मंडळीसमोर. पाळकसाहेबांनी रुमालानं प्याल्याची कड पुसली. फिरवून पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा पुसताना त्यांची नजर वर गेली, तर लिडिया बघतच होती.

"प्या साहेब," ती म्हणाली. "घाई न्हाई."

त्यांनी डोळे मिटून प्याला तोंडाला लावला. लिडिया जागची हलली नाही, तळ दिसेपर्यंत.