सुभेदारांची गोळी

सुभेदार कचेरीत शिरले की रामराम नंतर, आधी प्रश्न. "भाऊसाहेब, आमची गोळी पुढल्या साली मिळंल का?" मी भोर संस्थानच्या कचेरीत हत्यारांच्या परवान्यांच्या टेबलावर बसणारा कारकून. विलायतेतल्या कारखान्यात काय शिजतंय ते मला कोण सांगणार? पण सुभेदारांना वाटे, परवान्यावर शिक्का मारणाऱ्याला सगळं ठाऊक असतं. मी कधी चिडून म्हणे, "अहो, मी काय गोळ्या पाडतो का?" ते शांतपणे बाकावर टेकत, फेटा काढून मांडीवर ठेवत आणि म्हणत, "तुमी नका पाडू. पन इचारून ठिवा."

पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्याकडे होते. त्यांच्या साहेबानं मायदेशी जाताना आपलं पिस्तूल त्यांना दिलं. जाड तोंडाचं, हातात धरलं की मनगट खाली ओढणारं ते धूड. त्या काळी पलटणीत जिथं तिथं तेच होतं, त्यामुळे पुण्याच्या लष्करातल्या दुकानात त्याची काडतुसं चण्याफुटाण्यासारखी मिळत. पुढं सरकारनं पलटणीला लहान तोंडाचं नवं पिस्तूल दिलं आणि दुकानदाराची भाषा बदलली. आधी तो "पुढच्या खेपेला" म्हणे, मग "बघू" म्हणू लागला. दुसरी लढाई सुरू झाल्यावर तर त्यानं हातच वर केले.

म्हातारा एवढा का घायकुतीला येतो, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. शिकार तो करत नसे. दरोडेखोर त्याच्या घरून काय नेणार, दोन घोंगड्या? एका दसऱ्याला त्यांनी मला आग्रहानं गावी नेलं, तेव्हा उलगडा झाला. गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. दसऱ्याला देवाची पालखी शिवेवर जाते, तिथं आपट्याची पूजा होते. त्या गावात मात्र सुभेदारांनी पाण्याच्या दिशेनं एक गोळी झाडल्याशिवाय पालखी शीव ओलांडत नसे.

शिवेच्या धोंड्यापाशी एक म्हातारी उभी होती. ठकूबाई. तिचा राघू सुभेदारांच्याच कंपनीत होता, तो तिकडंच कामी आला. त्याच्यासाठी ना बंदुकांची सलामी झाली, ना गावची मूठभर माती पडली. परत आल्यावर सुभेदारांनी तिला शब्द दिला होता, दर दसऱ्याला राघूची सलामी हितं वाजंल. ठकूबाईला तोवर जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं होतं. ढोल कानाशी बडवला तरी ती ढिम्म. पण गोळी सुटली आणि तिचा आवाज पाण्यावरून, डोंगरावरून फिरून आला, तेव्हा तिनं मान हलवली, आपट्याचं पान सुभेदारांच्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, "पोचली." त्या दिवसापासून मी त्यांच्या प्रश्नावर चिडलो नाही. पुण्याला जाणाऱ्या प्रत्येकाला मी त्या दुकानात पिटाळू लागलो. नकारच यायचा.

सुभेदारांकडे थोडी काडतुसं शिल्लक होती. ती ते जिवापाड जपत, आणि तिथंच घात झाला. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, त्यात पिस्तूल आणि केळीच्या पानावर ओळीनं मांडलेली काडतुसं. दूधपाण्याचा शिपका, वर प्रत्येक गोळीच्या बुडाला ओली हळद आणि कुंकू. पूर्वी दर साली ताजी गोळी यायची, तेव्हा हे खपून गेलं. आता त्याच गोळ्यांना वर्षानुवर्षं आंघोळ घडत होती. एका साली मी दसऱ्याच्या आदल्या दिवशीच गावी पोचलो होतो. ती पूजा पाहून मी म्हटलं, "सुभेदार, दारूला ओल लागेल हो." ते हसले. "पूजेच्या पान्यानं कुटं काय व्हतंय? लढाईत भिजल्या, तरी वाजल्या." पलटणीत आयुष्य काढलेला माणूस तो, पण खंडेनवमीपुढं त्याची पलटण गप्प. मीही मग फार ताणलं नाही. भाविक माणसाशी वाद घालून कोणाचं भलं झालंय?

दुसऱ्या दिवशी मी शिवेवर होतो. पालखी थांबली, ढोल थांबले. ठकूबाई आता काठीवर आली होती, तिनं पाण्याकडं तोंड केलं. सुभेदारांनी हात वर करून घोडा ओढला. नुसता खट्ट आवाज झाला. पुन्हा ओढला, पुन्हा खट्ट. पिस्तुलाच्या चक्रातली सगळी घरं फिरली, एकही गोळी वाजली नाही. कोणी हसलं नाही. सुभेदारांचा हात वरच होता, तो खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं. फार वाईट वाटलं मला. सांगितलं होतं मी, हा विचारही तेव्हा मनात येईना.

ठकूबाई वळली. तिनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मग स्वतःच पुढं होऊन त्यांचा हात धरून खाली आणला आणि तळव्यावर पान ठेवलं.

"पोचली, सुभेदार," ती म्हणाली. "औंदा लई लांबवर गेली."

ढोलवाल्यांनी ढोल धरले. पालखी शीव ओलांडून गेली.

पुढच्या साली सुभेदार परवान्यासाठी आले, आधी रामराम केला आणि प्रश्न काही काढला नाही. शेवटी मीच विचारलं, गोळीचं काय? ते म्हणाले, "म्हातारीला बिनगोळीची ऐकू येती. आपन हात वर करायचा. तेवडा परवाना चालू ठिवा." त्यानंतरचे दसरे असेच झाले. मोकळं पिस्तूल, खट्ट, आणि पान. लोकांनाही त्याची सवय झाली.

लढाई संपली. एके दिवशी पुण्याहून दुकानदाराचा निरोप आला की जुन्या पिस्तुलाची काडतुसं पुन्हा आलीत, हवी तेवढी घेऊन जा. मला कोण आनंद झाला! नवरात्राला अजून अवकाश होता, तरी कोणाबरोबर सांगावा धाडावा या विचारात होतो, तोच दारात सुभेदार उभे. फेटा नव्हता. मी त्यांना बसूही न देता बातमी सांगितली.

त्यांनी ती पुरती ऐकून घेतली. मग काखेतलं फडकं सोडून पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं.

"येवडं सरकारजमा करा, भाऊसाहेब. म्हातारी गेली परवा."

काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, आता गोळी मिळतेय हो.

"मिळू द्या की," सुभेदार म्हणाले. "ऐकनारं कोन हाय आता?"