सुतकात पडलेली पोस्ट

अठ्ठावन्नाव्या वर्षी मला वाटायला लागलं की आपण फार हुशार आहोत. हा रोग बहुतेकांना विशीत होतो आणि बरा होतो. मला उशिरा झाला, म्हणून जोरात झाला.

माझा धंदा रुखवताचा. मुर्री गावात घराच्या पुढच्या खोलीत बसून मी लग्नांची रुखवतं करायची. धानाच्या लोंब्यांची बैलगाडी, साखरेचे कलश, कापडी नवरा-नवरी. आणि प्रत्येक रुखवतात एक चीज खास विहीणबाईंसाठी. मुलाच्या आईची थट्टा केल्याशिवाय आमच्याकडे रुखवत पुरं झालं असं कोणी मानत नसे. मांडवात सगळे हसतात, विहीणबाई खोटं खोटं रुसतात, मुलीकडच्या बाया त्यांच्या तोंडात साखर कोंबतात, झालं. ती थट्टा मांडवातच सुरू होते आणि मांडवातच संपते. कोणी ती घरी बांधून नेत नाही.

माझी सून शाळेत शिक्षिका. तिनं माझ्या रुखवताचं पेज काढून दिलं आणि मला शिकवायला बसली. "आई, फोटो उजेडात काढा. आई, खाली दोन ओळी लिहा. आई, नवरदेवाला टॅग करा, म्हणजे त्याच्या सगळ्या गणगोताला दिसते." सगळ्यात शेवटी तिनं शेड्यूल करायला शिकवलं. दिवस आणि वेळ टाकून ठेवायची, त्या वेळी पोस्ट आपली आपण पडते.

मी तर पागलच झाले. म्हणजे मी घोरत पडले तरी माझा धंदा जागा! गल्लीतल्या प्रत्येक बाईला मी हे ऐकवलं. एक म्हणाली, "म्हणजे दुधावर साय येते तसंच ना वो?" मला तिच्या अडाणीपणाची कीव आली. आता मला माझी येते.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. नवरदेव फुलचूरचा. मुलीची आई म्हणाली, "मावशी, विहीणबाईसाठी काहीतरी झकास करा." मी केलं. कापडाची जाड सासू, पांढऱ्या कापसाचा अंबाडा, दिवाणावर आडवी, हातात टीव्हीचा रिमोट. पायाशी बसून सून पाय चेपते आहे. आणि पाटी: 'सासूबाई आराम करून राहिल्या'.

लग्नाच्या दिवशी मांडवात मला फोन हातात धरायलाही सवड होणार नव्हती. म्हणून मी आठवडाभर आधीच फोटो काढला आणि पोस्ट लावून ठेवली. वेळ टाकली मुहूर्तानंतरची, दुपारची. मजकूर माझाच: 'आज मुर्रीच्या मांडवात आमचं रुखवत! विहीणबाई, रुसू नका बरं!' नवरदेवाला टॅग. सुनेला दाखवलंसुद्धा नाही. मास्तरणीला कायले विचारायचं, मला येत होतं ना सगळं!

लग्नाला चार दिवस उरले आणि नवरदेवाची आजी गेली. सुतक आलं, लग्न पुढं ढकललं. मी हारवाल्याला निरोप दिला, टेम्पोवाल्याला दिला, साखरेच्या कलशांना मुंग्या लागू नयेत म्हणून ते डब्यात भरले. फोनलाही निरोप द्यावा लागतो हे काही डोक्यात आलं नाही. आमच्या पिढीत सुतक माणसांना कळवायची रीत होती.

त्या दिवशी, म्हणजे जो लग्नाचा दिवस होणार होता त्या दिवशी, मी जेवून जरा पडले होते. फोन टिंग वाजला. परत टिंग. मग टिंगटिंगटिंग. मला वाटलं, गिऱ्हाइकं आली. गालात हसत मी चष्मा शोधला.

पडद्यावर माझी जाडी सासू आरामात झोपलेली. खाली लोकांची रांग. 'बधाई हो भैया.' 'जोडी सलामत रहे.' 'विहीणबाई जोरात!'

तेव्हा कुठं मला ती लावून ठेवलेली वेळ आठवली. तेवढ्यात मुलीच्या आईचा फोन आला.

"मावशी, काय करून ठेवलं व तुमी? माज्या पोरीचं लगन मोडाचं हाय का तुमाले?"

"अवो, मी नाही केलं. ते आपलं आपण पडलं."

"आपलं आपण कसं पडन? झाडाचा आंबा हाय का? त्या घरी मयत झाली, बाया बसून राहिल्या, आन् तुमी विहीणबाईले रुसू नका म्हणता? काढा आताच्या आता!"

काढायचं कसं, हेच मी शिकले नव्हते. सुनेला फोन लावला, तो बंद. ती तिरोड्याला प्रशिक्षणाला गेली होती आणि तिथं सगळ्यांचे फोन बंद ठेवायला लावत. मीच दाबादाबी केली. कुठलं तरी बटन लागलं आणि तोच फोटो आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर गेला. त्या गटात फुलचूरच्या दोघी होत्या. मग मी फोनला हात लावायचंच सोडलं.

एकच विचार: नवरदेवाच्या आईनं पाहायच्या आधी आपण फुलचूरला पोचावं. पोचून काय करणार, ते ठरलं नव्हतं. पांढरं लुगडं नेसले आणि ऑटोत बसले. मयतीच्या घरी बसायला जाणाऱ्या बाईला कोणी कारण विचारत नाही, एवढाच आधार. ऑटोवाला म्हणाला, "माताजी, तबीयत ठीक आहे ना?" मी म्हटलं, "तू चलाव बाबा."

नवरदेवाच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजीवर बाया दाटीनं बसलेल्या. नवरदेव आणि त्याचे वडील अस्थी घेऊन नदीवर गेले होते. मी कोपऱ्यात बसले, पदर डोळ्यांना लावला आणि पदराआडून पाहिलं. टीव्हीच्या वर एक फोन चार्जिंगला लावलेला, आणि तोच दर थोड्या वेळानं टिंग करत होता.

"कोणाचा व हा फोन?" एकीनं विचारलं.

"नवरदेवाचा. घाईत घरीच राहिला."

प्रत्येक टिंगला फोनचा पडदा उजळे. उजेड पडला की बायांच्या माना तिकडे वळत. कोणी उठून तो हातात घेतला की संपलं. त्या पोरीचं लग्नही संपलं आणि माझं रुखवतही. माझ्याच्यानं बसवेना. मी हात धुवायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेले आणि नळाजवळ उभी राहून पुन्हा स्वतःचा फोन दाबू लागले.

"काय झालं बाई?"

मागे नवरदेवाची आई. डोळे सुजलेले, केस मोकळे. मी फोन पदरात घालायला गेले, पण तिनं पाहिलं होतं.

"दाखवा."

न दाखवून जाते कुठं? मी फोन दिला आणि जमिनीकडे बघत जे येईल ते बोलत सुटले. मी मुर्रीची रुखवतवाली, चूक माझी, मुलीच्या घरच्यांना काही माहीत नाही, आधीच लावून ठेवलं होतं, पुसता येत नाही, तुम्हाला येते का?

"मले कुठं येते!" तिनं फोन डोळ्याजवळ धरला. तीही दाबून पाहू लागली. एकीच्या ऐवजी दोन म्हाताऱ्या. फोटो लहान होण्याऐवजी मोठा झाला आणि पडदाभर सासूचं तोंड आलं.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकली. मला वाटलं, झालं, मी या बाईला मारलं.

"बाई, रडू नका वो. पाया पडते."

तिनं मान हलवली. बोळा जरासा काढला आणि माझ्या कानात म्हणाली, "तोंड उघडं पाहिजे होतं. मी उघड्या तोंडानं झोपते. सासू असती तर तिनंच सांगितलं असतं तुमाले." आणि परत बोळा आत.

ती हसत होती. डोळ्यांतून पाणी मात्र खरं गळत होतं.

तेवढ्यात आतून एकीनं पाहिलं. "अगे माय, पहा, कशी रडून राहिली बिचारी! पोटात दाबून ठेवलं होतं!" दोघी-तिघी धावत आल्या. तिला धरून आत नेलं, सतरंजीवर बसवलं, पाठीवरून हात फिरवू लागल्या. तिच्याकडे पाहून एकीनं हुंदका दिला, मग सगळ्यांनी. मधोमध ती पदरात तोंड घालून गदगदत होती आणि तिचं ते हसणं मला एकटीला माहीत होतं.

टीव्हीवरचा फोन टिंग वाजला.

"बंद कर व ते!" कोणीतरी म्हणालं आणि एक बाई उठून फोनकडे निघाली. मी तिचा हात धरला, तिला खाली ओढलं, तिच्या गळ्यात पडले आणि मोठ्यानं गळा काढला. ज्या आजीला मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं तिच्या नावानं असा टाहो फोडला की मला सावरायला चार बाया लागल्या. "लयच जीव होता म्हणा दोघींचा," एक म्हणाली. मी पदरातून घड्याळाकडे पाहिलं. सुनेचा फोन पाचला, प्रशिक्षण सुटल्यावर लागणार होता आणि अजून चारही वाजले नव्हते.