आमचं मूळ छप्पर

चिखल्याच्या खाणीत कारकुनी करताना माझ्या पणजोबांनी गोऱ्या साहेबाचा बंगला पाहिला आणि तुमसरात तसाच बांधला. रुंद व्हरांडा, सागवानी खांब, वर उतरतं कवेलूचं छप्पर. हौस त्यांनी केली, गळती आम्हाला ठेवली.

दर मे महिन्यात ते कवेलू काढून पुन्हा बसवायला, म्हणजे फेरायला, एकच माणूस येतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या फोनमध्ये तो 'छप्पर' आहे. कानावर बिडी खोचून अनवाणी चढतो. एकेक कवेलू बोटाच्या पेरानं वाजवतो. टण्ण वाजलं तर परत बसवतो, बद्द वाजलं तर नेमकं माझ्या मोगऱ्यावर फेकतो.

यंदा तो वर असतानाच नागपूरहून वारसा वास्तूंचे तज्ज्ञ आले. त्यांचा दाखला मिळाला, तर स्लॅब टाकायला निघालेल्या माझ्या भावाचं तोंड बंद होणार होतं. तज्ज्ञ वर बघून गहिवरले.

"शंभर वर्षांचं मूळ छप्पर! काका, तुमचं घरही असंच असेल ना?"

"नाई जी, मी स्लॅब टाकलो," तो वरूनच म्हणाला. "मिरगाच्या आंदी मी लोकाइच्या घरावर रायतो. माह्या घरावर कोन चढन?"

माझ्या शेजारी उभा असलेला भाऊ खो खो हसला. तज्ज्ञांनी घाईनं विचारलं, "पण हे छप्पर अजून किती वर्षं टिकेल?"

त्यानं गुडघा चोळला. "हा टिकन तवरक."

तज्ज्ञांनी फॉर्मवर 'सागवान, उत्तम' असं लिहिलं. गुडघ्याला रकानाच नव्हता.