भेदरलेली पिलं आणि माझी सही

एकसष्ट साली, त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, रेवदंड्यात माझ्या विधवा मावशीवर अन्याय झाला. कोंबडीच्या पिलांचा भरडा, म्हणजे त्यांचं भरडलेलं खाद्य, तिनं घरात शिजवून खाल्लं, पिलं उपाशी मारली, असा पंचनामा झाला.

पिलं सरकारी योजनेतली, पांढरी, आठवड्याभराची. मुंबईहून आधी लाँचमधून, मग खडखडत्या ट्रकमधून आली. खोक्यात एकमेकांच्या अंगावर पडून. ती पाळा म्हणून घरोघर पत्रकं वाटणारी, योजनेच्या कामावरची बाई मीच.

मावशीनं ती अंगणात पालथ्या डालग्याखाली ठेवली, बोंबील सुकत होते त्या बांबूंशेजारी. घारी फार, म्हणून ती दिवसभर रॉकेलचा रिकामा डबा बडवायची. बोंबीलही वाचतील, पिलंही. आमच्याकडे सगळ्याच बायका बडवतात. गावठी पिलं आईच्या पंखाखाली तो आवाज सोसतात. या पिलांना आई कुठली? दर ठोक्याला ती एका कडेला ढीग होऊन थिजायची. भरडा तसाच पडलेला.

"खावा गो बायांनो, सरकारचं हाय," मावशी विनवायची. आणि घार दिसली की पुन्हा डबा.

दोन-चार पिलं खायला लागली, पण अंगी काही लागेना. शेवटी सगळी मेली. योजनेचे साहेब चौकशीला आले.

"बाई, भरडा पिलांना घातलात की चुलीवर?"

"तुमीच एक घास खावा साहेब, मंग मना इचारा."

पंच हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद लिहिला आणि साक्षीदार म्हणून मी सही केली. आपल्या स्वतंत्र देशाचा कागद खोटं कशाला बोलेल, असं वाटलं मला. मावशी रिकामं डालगं उचलून आत गेली. पुढच्या वाटपात तिला पिलं नाकारली. विहिरीवर बायका तिला 'पिलंखाऊ' म्हणू लागल्या.

दोन वर्षांनी अलिबागेत गुरांच्या एका तरुण डॉक्टरांनी मला समजावलं. पिलू भेदरलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतला रस त्याच्या रक्तात उतरतो, भुकेचं तंत्रच बिघडतं. कधी चोच उघडत नाही, कधी खाल्लेलं अंगी लागत नाही, उलट मांस झिजतं. पिलं प्रवासानं आणि डब्यानं खचली होती, आणि ती वाटताना हे एका शब्दानंही न सांगणाऱ्या आम्हा लोकांनी ती मारली होती.

सांगायला धावत गेले. मावशी पावसाळ्याआधीच वारली होती; सहीनंतर मी तिच्याकडे गेलेच नव्हते, मला कुणी कळवलंही नव्हतं.

एखाद्या बाईविरुद्ध असा कागद तुमच्याही गावात येईल. त्या बाईचं म्हणणं ऐकल्याशिवाय, तिच्या अंगणात दिवसभर बसल्याशिवाय, त्यावर सही करू नका.