उपासाने उतरलेलं वजन

डॉक्टरांनी मला दोन्ही हात समोर धरायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. त्यांनी नाडी बघितली, गळा चाचपला. म्हणाले, "बाई, हे थायरोटॉक्सिकोसिस दिसायलंय."

गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी असते. ती गरजेपेक्षा जास्त काम करायला लागली, की खाल्लेलं अंगी लागत नाही, छाती धडधडते, हात कापतात.

"पण साहेब, मी तर उपासानं बारीक झाले," मी म्हणाले.

"उपास नसतो त्या दिवशी किती जेवता?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "लय खाती, साहेब. माझ्या दुप्पट. तरी वाळायलीय."

मी परभणीत शिवणवर्ग घ्यायचे. अंगाने पहिल्यापासून जाड. चर्चमधल्या मार्थाआत्या बायकांची प्रार्थनासभा चालवत. खादाडपणाही पापच, असं त्या सांगत, तेव्हा माझ्याकडेच बघतात असं वाटे. मी बुधवार-शुक्रवार उपास-प्रार्थना धरली. हळूहळू पोलकी ढगळ झाली. प्रार्थनेला बसलं की छाती धडधडे, हात थरथरत, डोळे भरून येत.

"पवित्र आत्मा काम करायलाय गं तुझ्यात," आत्या म्हणायच्या.

मंडळीपुढे उभी राहून मी साक्षसुद्धा दिली, प्रभूने माझं शरीर कसं हलकं केलं ते सांगितलं. ऐकून बायका रडल्या. पुढे सुईत दोरा ओवेना, तेव्हा नवऱ्याने दवाखान्यात नेलं.

रक्त तपासायला मुंबईला पाठवलं. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद, टपाल अडकलेलं. त्या शुक्रवारी मी ताट पुढ्यात घेऊन नुसती बसून राहिले. जेवावं तर नवस मोडल्यासारखं, न जेवावं तर आजार वाढवल्यासारखं. नवरा म्हणाला, "आधी जेव. मग देवाला काय ते विचार."

रिपोर्टात डॉक्टरांचंच खरं निघालं. गोळ्या सुरू झाल्या. हात थांबले, वजन परत चढलं. आणि प्रार्थनेतली ती धडधडही गेली. डोळे मिटले की आत सगळं शांत. ते थरथरणं ग्रंथीचं होतं की त्यात थोडं देवाचंही होतं? मला अजून कळलेलं नाही.

मी चर्चच्या पाळकसाहेबांना विचारलं, "माझी साक्ष खोटी होती का?"

ते म्हणाले, "तेव्हा कळलं ते सांगितलंस. आता जास्त कळलंय, तर तेबी सांग."

पुढच्या रविवारी सांगितलं. या वेळी कुणी रडलं नाही. बाहेर आल्यावर आत्यांनी माझा दंड दाबून बघितला. "भरलीस गं परत," म्हणाल्या. त्यात आनंद होता की ठपका, ते ओळखता आलं नाही.

कारण नसताना कुणाचं अंग उतरायला लागलं, तर कौतुक मागाहून करा. आधी डॉक्टरला दाखवा.

त्या दुपारी घरी पिठलं-भाकरी होती. जेवणाआधी प्रार्थना करायची आमची रीत. इतकी वर्षं त्या प्रार्थनेत मी मनातल्या मनात भुकेची माफीच मागत आले होते. त्या दिवशी माफी मागितली नाही. आभार मानले, आणि पोटभर जेवले.